उसाच्या रानातला नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकवायचा कसा? (सातारा-सांगली)

कोयनाथडी
नमस्कार मंडळी. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालंय आणि फिरत्या न्यायवैद्यक पथकात मदतनीस म्हणून काम सुरू होतंय. पुस्तकं वाचून झालीत, पण पुस्तकातलं घटनास्थळ म्हणजे फरशी, भिंत आणि टेबल. आपल्याकडे पाटणला जुलैत साधा टॉवेल चार दिवस वाळत नाही. वाळव्याला पंचनामा करायचा तो डोक्याच्या वर गेलेल्या उसात. तासगावच्या विषबाधेत निम्म्या वेळा बागेवर मारायचं औषध असतं. अशा जागी रक्त, पावलांचे ठसे, व्हिसेरा (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेले अवयव) नेमके कसे घ्यायचे, किती घ्यायचे आणि कुठे चुकतं, हे जाणकारांनी लिहावं. किस्से नसले तरी चालतील, कृती हवी.

माणदेशी_रसायन
चांगला धागा काढलात. रक्तापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नमुने तिथेच वाया जातात.

आधी आत शिरायची वाट ठरवा. उसात माणूस सरीतूनच चालतो, म्हणजे आरोपी आणि जखमीही सरीतूनच गेले असणार. तुम्ही दोन सऱ्या सोडून जा आणि सगळ्यांनी त्याच एका वाटेने ये-जा करायची असं बजावून सांगा. पानं कुठल्या बाजूला वाकलीत, कुठे मोडलीत, याचे फोटो आत पाऊल टाकण्याआधी काढा. दहा माणसं बघायला गेली की ती दिशा पुसली जाते, मग ती कुठल्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

उचलायचा क्रम असा: जे उडून, वाहून किंवा वाळून जाईल ते पहिलं. केस, धागे, ओले डाग. पावसाची चिन्हं असतील तर त्याही आधी पावलांचे ठसे झाकून घ्या.

वाळलेला डाग हलवता न येणाऱ्या वस्तूवर असेल तर निर्जंतुक कापसाच्या काडीवर डिस्टिल्ड वॉटरचा एकच थेंब टाकायचा आणि काडी फिरवत डाग उचलायचा. लगेच दुसरी कोरडी काडी त्याच जागेवर. दोन्ही काड्या एकाच डागाच्या. नवीन माणूस काडी भिजवून चिंब करतो, मग डाग पसरतो आणि पातळ होतो. डाग जितका छोटा, तितकं पाणी कमी. तिसरी काडी शेजारच्या स्वच्छ जागेवरून घ्यायची, हा तुलनेचा नमुना. तो नसेल तर प्रयोगशाळेला आलेलं काहीही त्या भिंतीचं, त्या रंगाचं की डागाचं, हे सांगता येत नाही.

मातीत मुरलेलं रक्त असेल तर वरची खपली स्वच्छ स्पॅच्युलाने उचला, खोल खणू नका. खोलवरची माती घेतली की रक्त कमी आणि मातीतले जिवाणू जास्त असं होतं आणि डीएनए त्याच जिवाणूंनी खाल्ला जातो. पंचनाम्यात आपण ‘रक्तमिश्रित माती’ आणि ‘साधी माती’ लिहितो ना, त्यातली साधी माती त्याच रानातली, हाताच्या अंतरावरची घ्या. बांधावरची नको.

कृष्णाकाठ
माणदेशींच्या पोस्टला जोडून जागेवरच्या प्राथमिक चाचणीबद्दल. आपल्याकडे फेनॉल्फ्थॅलिनची, म्हणजे कॅसल-मेयर चाचणी जास्त चालते.

द्रावण असं: फेनॉल्फ्थॅलिन २ ग्रॅम, पोटॅशियम हायड्रॉक्साइड २० ग्रॅम, पाणी १०० मिली, त्यात २० ग्रॅम जस्ताची पूड घालून गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत उकळायचं. गडद बाटलीत, तळाला थोडं जस्त ठेवून, थंड जागी. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर पडलेली बाटली वापरू नका. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइडही उन्हात जोर गमावतं. म्हणून रोज काम सुरू करायच्या आधी एक ओळखीचा रक्ताचा डाग आणि एक कोरा कागद, दोन्हींवर चाचणी करून वहीत नोंद करा.

फिल्टर पेपरच्या टोकाने डाग अलगद घासा. त्यावर अल्कोहोलचा एक थेंब, मग द्रावणाचा एक थेंब. आता थांबा आणि बघा. रंग आला नाही तरच पेरॉक्साइडचा थेंब. दहा-पंधरा सेकंदांच्या आत गुलाबी आलं तर रक्त असण्याची शक्यता धरायची. मिनिटभराने कागद आपोआपच गुलाबी होतो, तो निकाल नाही.

मधलं ‘थांबा’ सांगलीत फार महत्त्वाचं आहे. हळदीच्या गोदामात, हळद शिजवायच्या शेडवर, पोत्यांवर, कामगारांच्या कपड्यांवर सगळीकडे हळद असते आणि हळद अल्कलीत लालसर तपकिरी होते. आपलं द्रावण अल्कलीचंच आहे. हळदीच्या डागावर ते टाकलं की पेरॉक्साइडच्या आधीच रंग चढतो. तीनही थेंब एकामागोमाग टाकून मोकळा झालेला माणूस त्याला रक्त म्हणून बसतो. पेरॉक्साइडच्या आधी रंग आला की चाचणी बाद, तसं लिहा आणि डाग प्रयोगशाळेला पाठवा. धुतलेल्या कपड्यावर हळदीचा डाग साबणानेही लाल झालेला असतो, तेही लक्षात असू द्या.

दुसरी फसगत कोयत्याची. ऊसतोडीच्या कोयत्यावर उसाचा रस असतो आणि ताज्या वनस्पतींच्या रसात पेरॉक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. तेही गुलाबी रंग देऊ शकतं, बहुधा सावकाश आणि फिकट. गंजाचाही त्रास होतो. म्हणून जागेवरच्या चाचणीच्या जोरावर पंचनाम्यात ‘रक्त आढळले’ लिहू नका. ‘रक्तासारखा दिसणारा डाग’ एवढंच.

आणि डाग तांदळाएवढा असेल तर चाचणीच करू नका. सगळा डाग डीएनएसाठी ठेवा.

मिरज_लाइन
कोयत्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अजून. पात्यावरून रक्त पुसलेलं, धुतलेलं असतं. पण पातं लाकडी मुठीत जिथे घुसतं त्या फटीत, खिळ्याच्या किंवा कडीच्या खाली ते शिरून राहतं. पाण्याने धुताना ते अजून आत जातं. पातं लखलखीत आहे म्हणून कोयता बाजूला ठेवू नका. मूठ उघडायचं काम प्रयोगशाळेचं, तुम्ही जागेवर काही काढू नका.

मुठीच्या खडबडीत लाकडावर बोटांचे ठसे सहसा मिळत नाहीत, पण पकडणाऱ्याच्या कातडीच्या पेशी मिळू शकतात. म्हणजे मूठ हातात धरून कोयता ‘दाखवायचा’ नाही. पात्याची कड आणि मुठीचं बूड, दोन टोकांना हातमोज्यांनी धरून उचला. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन भोकं पाडून सुतळीने असा बांधा की पातं आणि मूठ कुठेच घासणार नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता वाटेत घासून घासून पुसला जातो.

कोयनाथडी
खूप उपयोगी. पण ओला कपडा? पाटण, महाबळेश्वर, जावळी भागात पावसाळ्यात तो वाळवणार कुठे? ठाण्यात सगळे म्हणतात पॉलिथीनमध्ये घाला, नाहीतर गाडीत रक्त गळतंय.

जावळी_धुकं
पॉलिथीन फक्त वाहतुकीपुरतं, तेही बाहेरचं आवरण म्हणून आणि काही तासांपुरतं. ओला कपडा कोऱ्या कागदात, कागद मोठ्या खाकी पाकिटात, ते प्लास्टिकच्या उघड्या क्रेटमध्ये. ठाण्यात पोचलात की लगेच बाहेर काढा. बंद पिशवीतल्या दमटपणात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनए तुटत जातो. आपल्याकडच्या दमट हवेत एक रात्रही जास्त होते.

वाळवायला एक बंद खोली हवी. दोरीवर किंवा स्वच्छ हँगरवर कपडा पसरून टांगा. खाली कोरा कागद अंथरा आणि तो कागदही कपड्याबरोबर पाकिटात घाला, कारण वाळताना केस, धागे, माती त्यावर पडतात. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा म्हणजे खोलीत हवा फिरेल. कपड्यावर थेट झोत आला तर धागे उडून जातात. ऊन नको, हेअर ड्रायर नको, इस्त्री तर नकोच. उष्णता आणि अतिनील किरण दोन्ही डीएनए बिघडवतात. खोली दमट असेल तर हवेतला ओलावा शोषणारं यंत्र लावा, ते नसेल तर हीटर कपड्यापासून लांब ठेवून खोली फक्त उबदार करा.

मयताचे आणि आरोपीचे कपडे एका खोलीत एकाच वेळी वाळवायचे नाहीत. एकच खोली असेल तर एकाचे वाळवून, खोली आणि दोरी पुसून, मग दुसऱ्याचे. हातमोजे प्रत्येक कपड्याला नवे. घडी घालताना डागावर डाग येऊ देऊ नका, मध्ये कागद घाला.

वाळायची काहीच सोय नसेल आणि फ्रीझर असेल तर गोठवा, पण एकदा गोठवलं की मध्ये वितळू द्यायचं नाही. लाइट जाते तिथे हा मार्ग धोक्याचा.

वडूजकर
म्हणजे सगळंच कागदात, हा नियम धरायचा ना?

माणदेशी_रसायन
नाही. जळिताला बरोब्बर उलटं. रॉकेल, पेट्रोल, डिझेलचा संशय असेल तर जळका कपडा, गादीचा तुकडा, राखेखालची माती हवाबंद डब्यात जायला हवी. पत्र्याचा नवा कोरा डबा, घट्ट झाकणाचा, किंवा जाड काचेची बरणी. डबा दोन तृतीयांशच भरा, वर हवा मोकळी राहू द्या, कारण प्रयोगशाळा त्या हवेतली वाफ तपासते. साध्या पॉलिथीनमधून पेट्रोलची वाफ आरपार जाते आणि बाहेरचीही आत येते. जीपमध्ये स्टेपनी आणि डिझेलच्या कॅनशेजारी ठेवलेला नमुना मग काय सांगणार? एक रिकामा डबा तसाच बंद करून तुलनेसाठी पाठवा.

साचेकाम_सांगली
पावलांच्या ठशांचं मी लिहिते. सरीतली काळी माती, रात्री पाणी दिलेलं, त्यात उमटलेला बूट म्हणजे उत्तम ठसा. पण दुपारपर्यंत काळी माती आकसते, भेगा पडतात आणि ठशाचं माप बदलतं. उशीर परवडत नाही.

फोटो आधी, साचा नंतर. कॅमेरा तिकाटण्यावर, ठशाच्या बरोबर वर, भिंग जमिनीला समांतर. इंग्रजी एल आकाराची मोजपट्टी ठशाच्या शेजारी आणि ठशाच्या तळाच्या पातळीला. पट्टी वर काठावर ठेवली तर माप चुकतं, खोल ठशात तर चांगलंच. उजेड एका बाजूने तिरपा टाका, चारही बाजूंनी फिरवून वेगवेगळे फोटो काढा. खुणा सावलीतच दिसतात. भर दुपारी छत्रीने ऊन अडवून टॉर्चचा उजेड द्या.

ठशात पाचट असेल तर थांबून बघा. पायाखाली दाबलं गेलेलं पाचट ठशाचा भाग आहे, ते उपटलं की खालची माती निघून येते. नंतर वरून पडलेलं पान तेवढं चिमट्याने काढा.

साच्याला डेंटल स्टोन (दातांच्या साच्यांसाठीची कडक जिप्समची पावडर) वापरा. प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त आहे पण मऊ पडतं, माती धुताना बारीक खुणा जातात. एका बुटाला साधारण १ किलो पावडर, ३५० मिलीच्या आसपास पाणी. पावडर आधीच मोजून जाड झिपच्या पिशव्यांत भरून ठेवा, जागेवर पिशवीतच पाणी ओता आणि दोन-तीन मिनिटं बाहेरून मळा. धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत झालं पाहिजे. घट्ट राहिलं तर खुणांत उतरत नाही, पातळ झालं तर ठिसूळ होतं. पिशवीचा कोपरा कापून ठशाच्या शेजारच्या जमिनीवर ओता आणि मिश्रण आपसूक आत वाहू द्या. वरून धार धरली की पडते तिथे खड्डा. जाडी किमान दीड-दोन सेंटिमीटर.

पृष्ठभाग किंचित आवळत आला की काडीने मागे गुन्हा क्रमांक, ठशाचा क्रमांक, तारीख, उत्तर दिशेचा बाण आणि अद्याक्षरं कोरा. अर्ध्या तासाने उचलता येतो, थंडीत आणि पावसाळी हवेत तासभर द्या. कडेने माती उकरून खालून हात घाला, एका टोकाला धरून उपसू नका. जागेवर घासून साफ करायची घाई नको. चिकटलेल्या मातीसकट ४८ तास हवेत वाळू द्या. कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही. साफ करायचं काम तज्ज्ञाचं, आणि ती मातीसुद्धा पुरावा आहे. ठशाच्या आजूबाजूची माती तीन-चार जागांहून वेगवेगळ्या पुड्यांत घ्या, आरोपीच्या बुटावरच्या मातीशी तुलना करायला.

पाणी साचलेला ठसा असेल तर पाणी उपसायला जाऊ नका. चाळणीतून कोरडी पावडर अलगद भुरभुरवा, ती पाणी पिऊन घेते, मग वरून नेहमीपेक्षा घट्ट मिश्रण. पाऊस आला तर ठशावर घमेलं पालथं घाला, पण दगडांवर टेकवून, म्हणजे त्याची कड ठशापासून लांब राहील. प्लास्टिकचा कागद ठशावर थेट टाकला की त्याचा थेंब आणि वजन दोन्ही ठशात उतरतात.

माण-खटावच्या फुफाट्यात अडचण वेगळी. तिथे मिश्रणाच्या वजनानेच ठसा ढासळतो. आधी केसांचा स्प्रे दोन-तीन फुटांवरून, जमिनीला समांतर धरून, हलका मारा. तुषार वरून आपोआप खाली बसले पाहिजेत. थेट मारला तर वाऱ्यानेच ठसा उडतो.

कोयनाथडी
ताई, हे छापून पेटीत ठेवण्यासारखं आहे. बोटांच्या ठशांचं काय? रात्रभर पावसात भिजलेली मोटारसायकल असेल तर?

मिरज_लाइन
एक स्पष्ट करतो, कारण नवीन लोक इथे गोंधळतात. महाराष्ट्रात बोटांचे ठसे न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जात नाहीत. ते काम गुन्हे अन्वेषण विभागाच्या अंगुली मुद्रा केंद्राचं, आणि जिल्ह्यात ठसे तज्ज्ञांचं पथक असतं. त्यांच्या आधी वस्तूला हात लावू नका. एकाच वस्तूवर ठसे आणि डीएनए दोन्ही हवे असतील तर क्रम त्यांच्याशी बोलून ठरवा. एका गाडीवर फिरलेला पावडरचा ब्रश दुसऱ्या वस्तूवर फिरला की पेशीही इकडच्या तिकडे होतात.

ओल्या पत्र्यावर पावडर मारायची नाही, तिचा चिखल होतो. दोन रस्ते. गाडी सावलीत आणून आपोआप वाळू द्या, मग पावडर. किंवा ओली असतानाच मोलिब्डेनम डायसल्फाइडचं सूक्ष्म कणांचं द्रावण फवारा. ते घामातल्या तेलकट भागाला चिकटतं आणि पाण्याने वाहून जात नाही. पेट्रोलच्या टाकीवर, आरशाच्या मागे आणि नंबरप्लेटच्या मागच्या बाजूला आधी बघा. नंबरप्लेट बदलणारा मागून बोटं लावतोच, आणि तिथे पाऊसही कमी लागतो.

घरातल्या माणसांचे, पहिल्यांदा पोचलेल्या पोलिसांचे ठसे वगळणीसाठी घ्यायला विसरू नका.

द्राक्षबाग_तासगाव
विषबाधेवर. व्हिसेरा काढणं डॉक्टरांचं काम आहे, पण बरण्या, कागद आणि प्रश्न नीट गेले नाहीत तर अहवाल कोरा येतो.

साधारण पद्धत अशी: पहिल्या बरणीत जठर आतल्या द्रवासकट आणि लहान आतड्याचा सुमारे ३० सेंटिमीटर भाग. दुसरीत यकृताचा २०० ते ३०० ग्रॅम तुकडा, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा प्रत्येकी अर्धा भाग. रक्त १० मिली, सोडियम फ्लोराइडच्या (रक्त आंबू न देणाऱ्या) बाटलीत. बरण्या एक लिटरच्या, रुंद तोंडाच्या आणि दोन तृतीयांशाहून जास्त भरायच्या नाहीत. कुजताना वायू होतो आणि काठोकाठ भरलेली बरणी वाटेत गळते. टिकवायला मिठाचं संपृक्त द्रावण. जे द्रावण वापरलं त्याचा नमुना वेगळ्या बाटलीत गेलाच पाहिजे.

धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, यात वेळ हा सगळ्यात मोठा शत्रू. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅमच्या आसपास फॉस्फीन वायू सुटतो, आणि तो उघड्या बरणीतून निघून जातो. जठराची बरणी ताबडतोब घट्ट बंद करा आणि लवकर पोचवा. सिल्व्हर नायट्रेटचा कागद फॉस्फीनने काळा पडतो, पण कुजलेल्या अवयवांतल्या हायड्रोजन सल्फाइडनेही पडतो. म्हणून सोबत लेड ॲसिटेटचा कागद धरा. तो फक्त सल्फाइडला काळा होतो. दोन्ही काळे झाले तर त्यावरून फॉस्फीन म्हणता येत नाही. आणि हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा, तो वायू शवागारातल्या माणसालाही विषारीच.

आपल्या भागाची खास गोष्ट: छाटणीनंतर डोळे फुटायला बागेत हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते पोटात गेलं, त्यातही दारूबरोबर, तर घातक ठरतं. पण पत्रात नुसतं ‘विषबाधा’ लिहिलं तर नेहमीच्या कीटकनाशकांच्या अंगाने तपास होईल, या दिशेने होईलच असं नाही. घरातली, बागेतली, पंपाजवळची बाटली लेबलसकट, उरलेल्या औषधासकट, स्वतंत्र सील करून पाठवा. कुठली छाटणी चालू होती, काय फवारलं होतं, उलटीला वास कसला होता, दवाखान्यात ॲट्रोपिन (कीटकनाशकाच्या विषबाधेवरचा उतारा) दिलं होतं का, हे सगळं पत्रात यायला हवं.

जावळी_धुकं
एक भर. ॲसिड प्यायलं असेल तर मिठाचं पाणी चालत नाही, तिथे रेक्टिफाइड स्पिरिट. मात्र दारू, रॉकेल, फिनाइल किंवा फॉस्फरसचा संशय असेल तर स्पिरिट बिलकूल नको. आणि डीएनएसाठी ठेवलेला कुठलाही तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. कुजलेल्या मृतदेहाची ओळख पटवायची असेल तर दाढ किंवा मांडीचं हाड कोरडं करून कागदात.

मद्यपी चालकाचं रक्त घेताना कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसू नये, साबण-पाणी पुरे. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, वकील बोळ्यावरूनच सुरुवात करतो. बाटलीत फ्लोराइड नसेल तर साखर आंबून आकडा वाढतो किंवा जिवाणूंमुळे घटतो, दोन्ही बाजूंनी अहवाल लंगडा.

मुद्देमाल_कारकून
सगळ्यांनी छान लिहिलंय, पण माल माझ्या टेबलावर येतो तेव्हा जे दिसतं ते सांगतो. नमुना उत्तम असतो आणि सील चुकीचं असतं.

लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, ठाणे, वस्तू काय, कुठून घेतली, तारीख, वेळ, पंचांच्या आणि तपासी अंमलदाराच्या सह्या. पंचनाम्यात ‘एक निळा चौकडा शर्ट’ आणि लेबलवर ‘आकाशी शर्ट’ असं झालं की उलटतपासणीत अर्धा दिवस जातो. शब्द तेच ठेवा. जेलपेनची शाई दमटपणात पसरते आणि स्पिरिट सांडलं की मार्करही पुसला जातो. बरणीला दोन लेबलं लावा, एक चिकटवलेलं, एक गळ्यात बांधलेलं पेन्सिलीने लिहिलेलं.

लाख गाठीवर हवी. बरणीच्या झाकणावर कापड, कापडावर सुतळी, गाठीवर लाख, लाखेवर पितळी सील. सुतळी न कापता झाकण उघडता आलं तर ते सीलच नाही. प्लास्टिकवर थेट ओतलेली लाख थंड झाली की टवका उडून निघते. सीलचा नमुना पत्रावर उमटवायचा, तोच, त्याच दिवशी. ठाण्यात दोन सिलं असतात, एकाचा नमुना आणि दुसऱ्याचं सील गेलं की माल परत येतो. सांगलीहून कोल्हापूरला गेलेला माल परत येणं म्हणजे हवालदाराचा एक दिवस गेला आणि तारखांत एक भोक पडलं.

त्या भोकाचंच बोलतो. जप्ती, मुद्देमाल खोलीत जमा, बाहेर काढला, प्रयोगशाळेत पोच, या प्रत्येक टप्प्याला कोणाच्या हातून कोणाच्या हातात, किती वाजता, ही नोंद हवी. एक दुवा तुटला की वकिलाला बाकी काही बघावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या ठाण्यांनी मुद्देमाल तळमजल्यावर ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पत्रातला प्रश्न नेमका विचारा. ‘तपासून अहवाल द्यावा’ याला काही अर्थ नाही. ‘मुद्देमाल ३ वरील डाग मानवी रक्ताचा आहे काय, असल्यास त्याचा डीएनए मुद्देमाल ७ मधील मयताच्या रक्ताशी जुळतो काय’ असं लिहा.

वडूजकर
नवीन कायद्यात तज्ज्ञाने जागेवर जाणं सक्तीचं झालंय ना?

कृष्णाकाठ
भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७६(३). सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ मध्ये येतं. माझ्या मते यामुळे मदतनीसाचं काम दुप्पट महत्त्वाचं झालंय, कारण हातमोजे बदलले की नाही, काडी शर्टावर घासली की भिंतीवर, हे आता कोर्टात पडद्यावर दिसतं.

मिरज_लाइन
चित्रीकरणावरून सीसीटीव्ही आठवला. डीव्हीआरचं (फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बहुधा चुकीचं असतं. जप्तीच्या वेळी डीव्हीआरचा पडदा आणि नेटवर्कची वेळ दाखवणारा मोबाइल एकाच फोटोत घ्या, फरक पंचनाम्यात लिहा. हे राहिलं तर पुढे मोबाइलच्या टॉवरच्या वेळेशी मेळच बसत नाही. फुटेज मूळ स्वरूपातच घ्या, पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश किमतीसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) जोडायचं. आणि पहिल्याच दिवशी जा, जुनं फुटेज डीव्हीआर स्वतःच पुसत जातो.

माणदेशी_रसायन
गांजाचं कोणी लिहिलं नाही. उसात किंवा हळदीत लावलेली ओली झाडं पकडतात आणि पॉलिथीनमध्ये कोंबतात, आठवड्यात काळा चिखल. कापडात किंवा कागदात ठेवा आणि वजन घेताना ‘ओली झाडे’ असं पंचनाम्यात स्पष्ट लिहा, कारण वाळल्यावर वजन घटतं आणि कोर्टात माल कमी का झाला हा प्रश्न येतो. अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. मुळं, खोडं धरून केलेलं वजन फसवं. २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण होतं, तिथे हा फरक कोणाच्या तरी दहा वर्षांचा असतो. नमुने २०२२ च्या नियमांनुसार दंडाधिकाऱ्यांसमोर, गांजाचे २४-२४ ग्रॅमचे दोन.

कोयनाथडी
मंडळी, मनापासून आभार. शेवटचा प्रश्न. उद्या पेटी भरायला घेतोय, हमखास काय कमी पडतं?

साचेकाम_सांगली
डेंटल स्टोनच्या किलोच्या किमान सहा पिशव्या, आणि तेवढ्यांना पुरेल असं पाणी स्वतःचं. पाटाचं पाणी गाळासकट येतं. उघडलेली पावडरची गोणी पावसाळ्यात ओल धरते आणि नंतर नीट आवळत नाही, म्हणून पिशव्यांवर भरल्याची तारीख टाका.

जावळी_धुकं
हातमोजे. एका मोठ्या घटनास्थळाला दोन माणसांत पन्नास जोड सहज लागतात. खाकी पाकिटं तीन आकारांची, आणि कोऱ्या कागदाचा मोठा रोल.

मुद्देमाल_कारकून
लाख, काडेपेटीच्या जागी गॅसचा लायटर, सुतळीचा गुंडा आणि पेन्सिली. उसात वारा असतो, मेणबत्ती टिकत नाही. सील करायचं काम गाडीच्या आडोशाला करा, पण पेट्रोलच्या नमुन्यांपासून लांब.